कातळवेळेवरचा कोल्हा

कातळवेळ,
१७ जानेवारी १९५९

ती. ताईस,
सत्यवानाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पोचल्याचं पत्र उशिरा लिहितो आहे, रागावू नकोस. कुणकेश्वरहून दक्षिणेला डोंगर चढून उतरलं की ही पुळण, वाळूचा किनारा, लागते. एका बाजूला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला खाजणाची खारी दलदल, मागे सुरूची झाडं. घर एकच. शिवा नावाचा मासेमारी करणारा माणूस आणि त्याची बायको सुभद्रा तिथे राहतात. त्यांच्या होडीच्या खोपीत माझा मुक्काम. पेज, भात, मासे सुभद्रा देते. शिवा मासे विकायला कुणकेश्वरला जातो तेव्हा टपाल नेतो आणि आणतो.

आमच्या प्राध्यापकांनी सोपवलेलं काम मनासारखं चाललं आहे. कासविणी रात्री वर येऊन अंडी पुरून जातात. सकाळी वाळूवर त्यांच्या वल्ह्यांसारख्या पायांचे माग दिसतात. त्या मागावरून जाऊन मी खड्डा शोधतो आणि वर मर्यादवेलीची खूण करतो. कुठल्या खड्ड्यातून पिल्लं निघतात, कुठला कोण उकरतं, हे सगळं टिपून ठेवायचं. एवढ्या सलग नोंदी आपल्या किनाऱ्यावर कुणी केलेल्या नाहीत असं प्राध्यापक म्हणतात.

आता खरी गंमत सांगतो. इथे एक कोल्हा आहे. कोल्हे अंधार पडल्यावर येतात आणि माणसाची चाहूल लागली की पळतात. हा भर दुपारी पाण्याच्या कडेने सरळ चालत येतो. माझ्या अगदी जवळून गेला, पण माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लाटेने आलेल्या ओंडक्याला चावत बसला होता. इतका निर्भय प्राणी मी पाहिला नाही. शिवा म्हणतो, "कोलो दिसाढवळ्या फिरता म्हणजे भुकेलो आसतलो." मला वाटतं, माणसाचा त्रास नसल्यामुळे तो धीट झाला असेल. यावर एक स्वतंत्र टिपण लिहीन.

परवा शिवाच्या काळ्या कुत्र्याशी त्याची झटापट झाली. शिवाने वल्हं उगारून त्याला हुसकावलं. काळ्याच्या नाकावर चावा बसला आहे, ती जखम मीच धुऊन तिच्यात हळद भरली. कालवांच्या धारदार खडकावर चढून चढून माझ्या हातांची मात्र चाळण झाली आहे.

तुझी शाळा कशी आहे?

तुझा,
सत्यवान

*

वालावल,
२३ जानेवारी १९५९

चि. सत्यवानास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कासवांचं वाचून बरं वाटलं. कोल्ह्याचं वाचून बरं वाटलं नाही.

मी विचारते त्याची सरळ उत्तरं दे. कोल्ह्याच्या तोंडातून लाळ गळत होती का? चालताना त्याचे मागचे पाय लटपटत होते का? काळ्याची जखम धुतलीस तेव्हा तुझ्या हातांवर ओरखडे होतेच ना?

तुला एक गोष्ट आजवर कुणी सांगितलेली नाही. आपला महादूदादा तापाने गेला असं तुला माहीत आहे. तू तेव्हा पाळण्यात होतास. दादाला देवळामागे कुत्रं चावलं होतं. जखम इवलीशी होती आणि लगेच भरली. आईनेही मनावर घेतलं नाही. पुढे भातकापणीच्या दिवसांत त्याला घसा आवळल्यासारखा वाटू लागला. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, तर तांब्या पाहूनच त्याचं अंग आक्रसलं. त्याला तहान होती, सत्यवान. तो पाणी मागत होता आणि ते जवळ आणलं की ओरडत होता. तीन दिवस मी ते पाहिलं. चौथ्या दिवशी तो गेला.

दिवसा फिरणारा आणि माणसाला न भिणारा कोल्हा धीट नसतो. तो बहुधा पिसाळलेला असतो. काळ्याला बांधून ठेवा. त्याला कुणी हात लावू नका. आणि तू देवगडच्या दवाखान्यात जाऊन ये. ताईच्या हट्टासाठी म्हणून तरी जा.

तुझी,
नर्मदा

*

कातळवेळ,
३० जानेवारी १९५९

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

दादाबद्दल वाचलं. मला हे ठाऊक नव्हतं. तू तेव्हा किती लहान होतीस.

पण आता काळजी सोड. तुझं पत्र येण्याआधीच तो कोल्हा मेला. सकाळी भरतीच्या रेघेवर पडलेला सापडला. अंगावर घाव नव्हता. आयता हाती आला म्हणून मी तो फाडून पाहिला. पोटात काय होतं सांगू? वाळू, लाकडाचे तुकडे, सुंभ, आणि अंड्यांची थोडी टरफलं. म्हणजे बिचारा उपासमारीने गेला. शिवाचंच खरं ठरलं. जबडा आणि कवटी साफ करून ठेवली आहे, प्राध्यापकांना दाखवीन.

काळ्याची जखम भरली आहे. भात खातो, माझ्या मागोमाग पुळणभर फिरतो, थकून बसलो की हात चाटतो. त्याला बांधायचा विषय मी शिवाकडे काढला, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. होडी परत येताना दिसली की हा कुत्रा पाण्यात शिरून पुढे जातो. असा कुत्रा कोण बांधील? सुभद्राही त्याला जेवू घातल्याशिवाय जेवत नाही. तिला दिवस गेले आहेत, चौथा महिना आहे. त्या घरात मी भलती शंका घालू नये असं वाटतं.

पहिल्या खड्ड्यांतून पिल्लं निघायची वेळ जवळ येते आहे. या दिवसांत देवगडला जाऊन बसलो तर सगळी मेहनत पाण्यात जाईल. ते आटोपलं की नक्की जाईन.

वाळूवर कुरव पक्ष्यांचे थवे उतरू लागले आहेत. पहाटे उठल्यावर त्यांच्या आवाजाशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही.

तुझा,
सत्यवान

*

वालावल,
५ फेब्रुवारी १९५९

चि. सत्यवान,

तुझं पत्र घेऊन मी कुडाळला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "उपाशी कोल्हा खेकडे खातो, मेलेले मासे खातो, वाळू आणि लाकूड खात नाही. पिसाळलेला खातो." मी सांगितलं, "माझ्या भावाने तो उघड्या हातांनी फाडला आहे, आणि हातांना जखमा आहेत."  ते लगेच कागद घेऊन देवगडच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहायला बसले. ती सोबत पाठवते आहे.

ते म्हणाले, कुत्र्याला चावा बसल्यापासून कित्येक आठवडे तो अगदी चांगला दिसतो. भात खातो, शेपूट हलवतो. मग एक दिवस त्याचा आवाज बदलतो. त्यानंतर त्याच्याजवळ जायचं नाही.

या रोगावर आजारी पडल्यानंतर औषध नाही. आधीच पोटात इंजेक्शनं घेतली तर माणूस वाचतो. एवढंच मला कळलं, तुलाही एवढंच कळलं तरी पुरे.

कासवं दरवर्षी येतील. पत्र मिळताच नीघ. शिवाला आणि त्याच्या बायकोला हे वाचून दाखव. त्यांना राग आला तर येऊ दे.

नर्मदा

*

कातळवेळ,
१० फेब्रुवारी १९५९

ताई,

तुझं पत्र टपालात येऊन पडलं होतं. शिवाचं दोन दिवस कुणकेश्वरला जाणं झालं नाही, म्हणून ते आज हाती आलं. एक दिवस उशिरा.

काळ्याचा आवाज परवा बदलला. बसलेल्या घशाने, कावळ्यासारखा. मी ऐकलं आणि मला समजलं. तरी सकाळपर्यंत थांबू, खात्री करू, असं मनाशी म्हणत राहिलो. तो होडीखाली अंधारात जाऊन बसला होता. काल दुपारी मी खडकावर असताना सुभद्रा पेज घेऊन त्याच्याकडे गेली. त्याने तिच्या मनगटाला चावा घेतला. दात हाडापर्यंत गेले आहेत.

शिवाने वल्ह्याने काळ्याला मारलं. दुसरं कुणी मारू नये म्हणाला. मग पाण्यात जाऊन उभा राहिला, बराच वेळ बाहेर आला नाही. मी सुभद्राचा हात साबणाने धूत राहिलो. ती एकदाही रडली नाही. "काळ्यान असा कित्याक केल्यान?" एवढंच विचारत होती.

आज दिवसभर शिवाशी बोलतो आहे. पलीकडच्या गावात एक माणूस मुळी उगाळून देतो, त्याने लोक बरे झालेत म्हणतो. इंजेक्शनांचं नाव काढलं की त्याचा चेहरा बंद होतो.

"पोटात सुयो मारतले? तिच्या पोटात पोर आसा."

"पोर वाचायला आधी ती वाचली पाहिजे, शिवा."

"डॉक्टराक काय जाता सांगाक?"

शेवटी मी माझे हात त्याच्यापुढे धरले. म्हटलं, या हातांनी मी तो कोल्हा फाडला आहे. मलासुद्धा त्याच सुया घ्यायच्या आहेत. त्याने ते उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "मगे आधी तुमी घ्या. तुमी घेतल्यात तर तुमच्या मागसून ती घेयत. नायतर नाय."

उद्या उजाडताच होडीने देवगडला निघतो. कुणकेश्वरला थांबून हे टपालात टाकतो.

सत्यवान

*

देवगड,
१५ फेब्रुवारी १९५९

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

इंजेक्शनं सुरू झाली, दोघांचीही. शिवाच्या मावशीचं घर बंदराजवळ आहे, तिथे आम्ही उतरलो आहोत. रोज सकाळी दवाखान्यात जातो. ठरल्याप्रमाणे मी आधी आत जातो, मग सुभद्रा.

सुभद्राला फार त्रास होतो. पोटावर लाल गाठी आल्या आहेत, कूस बदलता येत नाही. पोर हललं की नाही हे ती दर थोड्या वेळाने चाचपते. मला काही विशेष होत नाही. जराशी सुई टोचते एवढंच. संध्याकाळी बंदरावर फिरून येतो. काल सड्यावर, वरच्या कातळपठारावर, चढून समुद्रगरुडाचं घरटं पाहून आलो.

तू आता निश्चिंत राहा. डॉक्टर चांगले आहेत. शिवा रोज ओट्यावर बसून असतो. मी बाहेर आलो की माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग बायकोला आत पाठवतो.

तुझा,
सत्यवान

*

वालावल,
१८ फेब्रुवारी १९५९

सत्यवान,

तू मला खोटं लिहिलंस.

तीच सुई, तेच औषध. एक बाई कूस बदलू शकत नाही आणि तू सडा चढून घरटी बघतोस. हे वाचूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. कुडाळच्या डॉक्टरांनी देवगडला तार केली होती, तिचं उत्तर आज आलं. दवाखान्यात एकाच माणसापुरतं औषध होतं. ते एका बाईला चालू आहे. दुसरा रोगी औषधाची वाट पाहत आहे, औषध कधी येईल ते सांगता येत नाही.

तू रोज आत जाऊन नुसता बसून येतोस का? आणि बाहेर येऊन पोट धरतोस?

तू तिला दिलंस याबद्दल मी काही म्हणत नाही. डॉक्टरांनीही तेच केलं असतं. पण मला का सांगितलं नाहीस? मी इथे देवापुढे दिवा लावून निश्चिंत बसले होते. तेवढे दिवस मी औषध शोधण्यात घालवले असते.

आता ऐक. कोल्हापूरला डॉक्टरांचे ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांना औषध मिळालं आहे. शनिवारी घाटावरून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे ते बर्फाच्या थर्मासमध्ये देणार आहेत. मी शाळेतून रजा घेतली आहे. शुक्रवारीच तळेऱ्याला जाऊन राहते, गाडी आली की थर्मास घेऊन देवगडची गाडी धरते.

तू दवाखाना सोडून हलू नकोस. घसा दुखला, हाताला मुंग्या आल्या, काही वेगळं वाटलं, तर त्याच क्षणी डॉक्टरांना सांग. माझ्यापासून लपवलंस तसं त्यांच्यापासून लपवू नकोस.

नर्मदा

*

कातळवेळ,
२४ मार्च १९५९

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

तू गेल्यावर माझी शेवटची इंजेक्शनंही पार पडली. आता मला कळलं सुभद्रा काय सोसत होती. चालताना अजून पोट ओढतं.

डॉक्टर म्हणतात, उशीर झाला खरा, पण फार नाही. आता थांबायचं. किती, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. काही महिने. सकाळी उठलो की मी आधी पाण्याचा घोट घेऊन बघतो. नीट उतरला की कामाला लागतो. सुभद्राही तसंच करते, हे मी एकदा दारातून पाहिलं. आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

पिल्लं निघाली. मी नसताना निघाली ती गेलीच, पण परवा सकाळी मला एक खड्डा सापडला. वाळू आधी मधोमध खचली, मग उकळल्यासारखी हलू लागली. अंगठ्याएवढी काळी पिल्लं एकमेकांवर चढत बाहेर आली आणि पाण्याकडे धावली. वर घारी फिरत होत्या. सुभद्रा पदर हलवत पुळणीवर उभी राहिली, तिने एकही घार खाली उतरू दिली नाही.

एकच गोष्ट मनाला लागून आहे. शिवा माझ्याशी पूर्वीसारखा बोलत नाही. मासळीतला चांगला तुकडा माझ्या पानात पडतो, खोपीचा कूड त्याने न सांगता नीट करून दिला, पण समोर आलो की खाली बघतो. थर्मास घेऊन आलीस त्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर तू मला सगळ्यांसमोर बोललीस, तेव्हा माझं नाटक उघडं झालं. मी फसवलं म्हणून त्याला राग असणार. त्याच्या जागी मलाही आला असता. समजूत घालायला गेलो तर, "जावंदे, भाऊनु," म्हणून उठून जातो.

पावसाळ्याआधी मी मुंबईला परत जाईन. प्राध्यापकांनी पुढच्या हंगामासाठी पुन्हा यायला सांगितलं आहे. तू काय म्हणतेस?

तुझा,
सत्यवान

*

वालावल,
२२ नोव्हेंबर १९५९

चि. सत्यवानास,
अनेक आशीर्वाद.

तुझं मुंबईचं पत्र मिळालं. डॉक्टरांना विचारलं. इतके महिने गेले, आता मनात भीती धरू नका म्हणाले. त्या दिवशी मी शाळेतून येऊन दुपारची झोपले. गेलं वर्षभर मला दुपारी झोप लागली नव्हती.

आता दुसरं. काल शिवा आणि सुभद्रा आले होते. श्रावणात मुलगी झाली ती घेऊन. इथल्या लक्ष्मीनारायणाला नवस होता. मुलगी धट्टीकट्टी आहे, मोठमोठ्याने रडते. सुभद्रा तिला घेऊन देवळात थांबली आणि शिवा एकटाच माझ्याकडे आला. नारळ आणले होते, ते ठेवले आणि उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

मग म्हणाला, "बाय, माका तिसऱ्याच दिसाक कळलां हुता."

मला समजेना. म्हटलं, काय कळलं होतं?

"मावशीच्या बावीर भाऊ न्हाव्क बसलेले. मी पाणी ओढी हुतंय. सुभद्राच्या पोटार लाल गाठी, आणि भाऊंच्या पोटार एक डाग नाय. माका तेव्हाच कळलां, सुई ते घेयनत नाय. मी बोललंय आसतंय तर सुभद्रान सुई घेतल्यान नसती. माका माझा माणूस व्हया हुता. रोज ते आत गेले, पोट धरून भायर ईले. मी बघून गप रवलंय."

 तो पुढे म्हणाला, "तुमचो भाव गेलो आसतो तर तो माझ्यान गेलो आसतो. तेंका सांगूक माका तोंड नाय. म्हणान तुमका सांगतंय."

मी उठून मागल्या दारी गेले. खरं सांगते, त्याला घरातून घालवून द्यावं असं माझ्या मनात आलं. तू आठ दिवस मरणाच्या तोंडाशी बसला होतास आणि तो ओट्यावर बसून ते बघत होता. पण विहिरीपाशी उभी राहिले आणि मला तो तळेऱ्याचा रस्ता आठवला. थर्मास मांडीवर घट्ट धरून बसले होते. देवगडात आणखी एखादा चावलेला माणूस औषधाची वाट पाहत असेल, हा विचार गाडीत माझ्या मनाला शिवला नव्हता. शिवला असता तरी मी थर्मास सोडला नसता.

आत आले तेव्हा तो तसाच उभा होता. मी त्याला म्हटलं, सुभद्राला आणि पोरीला घेऊन ये, जेवल्याशिवाय जायचं नाही. त्याने डोळे पुसले आणि देवळाकडे गेला. जेवताना मुलगी माझ्या मांडीवर होती.

हे तुला सांगू नका असं तो जाताना म्हणाला. मी तसं वचन दिलं नाही. तो तुझ्यावर रागावला आहे असं तू धरून बसला आहेस, ते खरं नाही. त्याला तुझ्याकडे बघवत नाही.

पुढच्या महिन्यात तू कातळवेळेला जाशील. मी जाऊ नको म्हणणार नाही. होडीतून उतरलास की आधी त्याच्याकडे जा. बोलायला तूच सुरुवात कर. तो करणार नाही.

तुझी,
नर्मदा